प्रिंटर म्हातारा झालाय, मेला नाही

पोस्ट मोठी आहे. ज्यांचं गाव पाण्याच्या काठावर आहे आणि ज्यांना वर्षातून चार वेळा तरी कुठल्या ना कुठल्या कागदासाठी रांगेत उभं राहावं लागतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या हातात शेवटी राहिला तो कागद. संपादनाची नोटीस, पुनर्वसनाचा आदेश, जुना सातबारा, प्रकल्पग्रस्ताचा दाखला. उजनीचं काम 1969 ला सुरू झालं आणि 1980 ला धरण पूर्ण झालं. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली गावं, मळे, देवळं भीमेच्या पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ अजून वर येतं. पण आजोबांचं शेत नेमकं कुठल्या गटात होतं, हे आता कागदच सांगतो. म्हणून आमच्याकडं घरटी एक पत्र्याची पेटी असते आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं असतात. तिसऱ्या पिढीतलं पोरगं नोकरीचा अर्ज भरताना तीच पेटी उघडतं.

अशा गावात प्रिंटर बंद पडणं ही किरकोळ गोष्ट नाही. या वर्षात मी आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत जुने प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडून दिले. मी इंजिनिअर नाही. केळी लावतो, थोडा ऊस आहे. पूर्वी कधीतरी एमएससीआयटी केली होती, तेवढ्या भांडवलावर गावानं मला ‘कॉम्प्युटरवाला’ करून टाकलंय. त्यात जे कळलं ते सांगतो, कारण ते फक्त प्रिंटरपुरतं नाही.

पहिली गोष्ट आमच्या सेवा केंद्राची. गावातली एक वहिनी ते चालवतात. सातबारा, आठ अ, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानचं काम, पीक विम्याची पावती, सगळं तिथंच. 2024 च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले तेव्हा हमीपत्राच्या प्रती काढायला बाया सकाळी सातपासून ओट्यावर बसायच्या. त्या सगळ्या गर्दीत जो प्रिंटर चालला तो कॅननचा 2900. झेरॉक्सवाल्यांना नुसतं ‘एकोणतीसशे’ म्हटलं की कळतं. लहानसा, काळा-पांढरा लेझर प्रिंटर. त्याचा टोनर आणि एचपी 1020 चा टोनर जवळजवळ एकच, आणि तो बाजारच्या दिवशी कुठंही भरून मिळतो. कधी रोलर बदलला, कधी आतली फिल्म बदलली, की गडी पुन्हा कामाला.

कॉम्प्युटर मात्र विंडोज 7 वर होता. त्या विंडोजला मायक्रोसॉफ्टनं जानेवारी 2020 मध्येच सोडचिठ्ठी दिली. 2023 च्या सुरुवातीला क्रोमनंही हात काढून घेतला. मग एकेक सरकारी वेबसाइट उघडायची बंद झाली. ओटीपी यायचा, पण पान पुढं सरकायचं नाही. शेवटी वहिनींनी बचत गटातून पैसे उचलून नवा कॉम्प्युटर घेतला. विंडोज 11 वाला. आणि पहिल्याच दिवशी त्यानं जुन्या प्रिंटरला ओळखच दिली नाही.

दुकानदार म्हणाला, “आता हा चालत न्हाई नव्या विंडोजला. भंगारात घाला आन् नवा घ्या, पंधरा हजारापर्यंत बसंल.”

वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, काल रात्रीपर्यंत जुन्या कॉम्प्युटरवर छापत होता की वो. एका रात्रीत कसा मरंल?”

प्रश्न अगदी बरोबर होता. एका रात्रीत मरत नाही. त्या दोघांमधला दुभाषी हरवलेला असतो.

हे समजायला आपल्याकडं एक चांगलं उदाहरण आहे, मोडी लिपीचं. आपल्या कितीतरी जुन्या नोंदी मोडीत आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, ते आपण सगळ्यांनी बघितलं. कागदाचा काही दोष नव्हता. प्रिंटरचं तसंच आहे. कॉम्प्युटर एक भाषा बोलतो, प्रिंटर दुसरी, आणि मध्ये जो सांगकाम्या असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटर बदलला की ड्रायव्हरही त्या कॉम्प्युटरच्या मापाचा लागतो.

माप म्हणजे 32 बिट आणि 64 बिट. जुन्या विंडोजमध्ये दोन्ही प्रकार मिळायचे. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येतं. प्रिंटरसोबत आलेल्या जुन्या सीडीत बहुतेक वेळा 32 बिटचा ड्रायव्हर असतो. तो टाकायला गेलं की विंडोज नाही म्हणतं, आणि दुकानदार ‘प्रिंटर गेला’ म्हणून मोकळा होतो.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो, कोणाला उपयोग होईल.

आधी प्रिंटर जुन्या कॉम्प्युटरवर एकदा छापून बघितला. छापतोय, म्हणजे यंत्र ठीक. मग नव्या कॉम्प्युटरला लावलेली केबल काढली. विंडोजनं स्वतःच्या मनानं जो अर्धामुर्धा प्रिंटर यादीत टाकला होता, तो पुसला. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन मॉडेल नंबर टाकला आणि 64 बिटचा ड्रायव्हर उतरवून घेतला. तो टाकताना त्यानं ‘आता केबल लावा, प्रिंटर चालू करा’ म्हटलं, तेव्हाच केबल लावली. इथं लोक घाई करतात. केबल आधी लावली की विंडोज पुन्हा आपलंच काहीतरी जोडून ठेवतं. केबल मागच्या बाजूच्या काळ्या यूएसबी खाचेत लावली, कारण निळ्या, जास्त वेगाच्या खाचेशी काही जुन्या प्रिंटरांचं जमत नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पान आलं.

नंतर दोन बारीक गोष्टी निस्तराव्या लागल्या. केबल एका खाचेतून काढून दुसरीत घातली की विंडोज त्याच प्रिंटरची ‘कॉपी 1’ तयार करतं आणि छापायला पाठवलेलं पान भलत्याच नावावर जाऊन अडकतं. म्हणून खाच ठरवून टाकली, वर चिकटपट्टी लावली. आणि ‘डीफॉल्ट प्रिंटर विंडोजनं ठरवावा’ हा पर्याय बंद केला. एकूण खर्च शून्य. वेळ दीड तास, त्यात चहा दोनदा.

इथं एक सावधगिरीची सूचना, आणि ही मनावर घ्या. गूगलवर ‘ओल्ड प्रिंटर ड्रायव्हर’ शोधलं की पहिल्या पानावर भलत्याच वेबसाइट येतात. ‘ड्रायव्हर अपडेटर’ फुकट देतो म्हणतात. सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये अख्ख्या गावाचे आधार, बँकेची पासबुकं, अंगठे, फोटो असतात. तिथं अनोळखी माणसाचं सॉफ्टवेअर टाकणं म्हणजे गावाच्या पेटीची किल्ली वाटसरूच्या हातात देणं. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यायचा. तिथं नसेल, तर सोपा उपाय आहे. जुना कॉम्प्युटर फक्त छापायला ठेवायचा, त्याचं इंटरनेट काढून टाकायचं आणि पीडीएफ पेन ड्राइव्हमधून न्यायची. दिसायला गावठी उपाय आहे, पण चालतो.

दुसरी गोष्ट शेजारच्या गावातल्या दूध संकलन केंद्राची, आणि मला चकित केलं ते तिनं.

तिथं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. टीव्हीएसचा, करकर आवाज करत छापणारा. मागं रुंद खाचेची जाड केबल, जिला पॅरलल म्हणतात. नव्या कॉम्प्युटरला ती खाचच नसते. मला वाटलं, 2900 ला दीड तास लागला, तर ह्याला दोन दिवस लागणार. लागला अर्धा तास. बाजारात यूएसबीची पॅरलल करणारी केबल चार-पाचशे रुपयांत मिळते. ती लावली. विंडोजच्या यादीत ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ नावाचा ड्रायव्हर आधीपासूनच असतो, तो निवडला. पोर्टच्या यादीत यूएसबीचा पोर्ट निवडला. दुधाचं सॉफ्टवेअर हट्टानं जुन्या एलपीटी1 पोर्टवरच पाठवत होतं. तेव्हा प्रिंटर शेअर केला आणि ‘नेट यूज’ची एक ओळ लिहून एलपीटी1 ची वाट त्या शेअरकडं वळवली. प्रत्येक पावतीनंतर अख्खं पान पुढं सरकत होतं. ते प्रिंट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पावतीच्या उंचीचा नवा कागद नोंदवून थांबवलं. झालं.

मग प्रश्न पडला. जास्त जुना प्रिंटर सोपा का गेला आणि मधल्या वयाचा अवघड का?

उत्तर असं आहे की डॉट मॅट्रिक्सची भाषा उघडी आहे. कॉम्प्युटरनं ‘अ’ पाठवला की तो ‘अ’ छापतो. म्हणजे इंग्रजी ‘ए’ म्हणा, मराठीचं पुढं सांगतो. ठळक अक्षर, बारीक अक्षर, ओळ सोडणे, या सगळ्याच्या खुणा त्याच्या सोबतच्या पुस्तकात छापलेल्या असायच्या. एप्सननं ठरवलेली ही भाषा बाकीच्या कंपन्यांनीही उचलली. कोणीही ती शिकू शकतो, म्हणून तीस वर्षांनंतरचं विंडोजसुद्धा ती बोलतं.

नंतरच्या स्वस्त लेझर प्रिंटरमध्ये कंपन्यांनी वेगळी युक्ती केली. प्रिंटरमधला मेंदू काढून खर्च वाचवला आणि सगळा विचार कॉम्प्युटरवर टाकला. पान कसं दिसणार हे ठिपक्याठिपक्यानं कॉम्प्युटरच ठरवतो आणि कंपनीच्या खासगी भाषेत प्रिंटरला कळवतो. एचपी 1020 मध्ये तर प्रिंटर चालू केला की त्याला चालवणारं सॉफ्टवेअरही दरवेळी कॉम्प्युटरकडूनच जातं. म्हणून ते प्रिंटर स्वस्त मिळाले, घरोघर गेले. पण त्यांचा जीव कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये अडकला, राक्षसाचा पोपटात अडकतो तसा. कंपनीनं पुढचा ड्रायव्हर काढला तर प्रिंटर जगला. नाही काढला, तर लोखंड ठणठणीत असताना मेला.

हे दुखणं फक्त आपलं नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानं सुधारणा केली होती. कागद अडकला की ज्यांचं छापायचं राहिलंय त्यांना निरोप जायचा. मग झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कंपनीनं दिला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या माणसाकडं तो होता, त्यानं ‘मी करारानं बांधलोय’ म्हणून नकार दिला. स्टॉलमनला ते इतकं लागलं की 1983 मध्ये त्यानं सगळ्यांना वाचता-बदलता येईल अशा मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. जगातले कितीतरी सर्व्हर आज ज्या लिनक्सवर चालतात, त्याच्या मागं ही चळवळ आहे. आणि तिच्या मुळाशी एक न ऐकणारा प्रिंटर आहे!

आता मराठीचं. डॉट मॅट्रिक्सला साध्या मजकुरात देवनागरी येत नाही. म्हणून आपल्या दुधाच्या पावतीवर नाव इंग्रजीत असतं आणि म्हातारी माणसं ती पोरांकडून वाचून घेतात. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकनं ‘जिस्ट’ कार्ड काढून कॉम्प्युटरला भारतीय लिप्या शिकवल्या होत्या. आज विंडोज देवनागरी छापू शकतं, पण ते अक्षराचं चित्र करून पाठवतं, त्यामुळं एक पावती संथपणे येते. सकाळी दीडशे माणसं कॅन घेऊन उभी असताना तेवढा वेळ कोणाला नाही.

तरी केंद्रानं हा प्रिंटर सोडू नये असंच मी म्हणेन. त्याची कारणं आमच्या भागातच आहेत. एक, वीज. लेझर प्रिंटर टोनर वितळवून कागदावर बसवतो, त्यासाठी आत हीटर असतो. छापायला सुरुवात केली की तो एकदम भरपूर वीज ओढतो आणि लहान इन्व्हर्टर ओरडायला लागतो. डॉट मॅट्रिक्स त्या मानानं किरकोळ विजेवर चालतो. दोन, एकाच ठोक्यात तीन प्रती. सुई कागदावर ठोकते, म्हणून खालच्या प्रतीवरही तेच उमटतं. लेझरला आणि शाईच्या प्रिंटरला हे जमत नाही. तीन, टिकाऊपणा. हल्ली लहान थर्मल मशीनच्या गुळगुळीत पावत्या आल्यात. त्या छान दिसतात, पण उन्हात ठेवल्या किंवा खिशात राहिल्या की काही महिन्यांत कोऱ्या होतात.

कोऱ्या पावतीवर भांडता येत नाही. दुधाचं फॅट कमी लावलं, वजनकाट्यावर उसाच्या वजनात फरक आला, केळीच्या गाडीचा हिशोब चुकला, की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘पावती आहे का?’ आपल्या माणसाकडं पावती असते, पण अक्षर उडालेलं. ज्या प्रिंटरची प्रत शेतकऱ्याच्या घरी पुढच्या हंगामापर्यंत वाचता येते, तो प्रिंटर शेतकऱ्याच्या बाजूचा. तो जुना आहे का नवा, हा प्रश्न दुय्यम.

आता सार्वजनिक मुद्द्यावर येतो.

विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. म्हणजे शाळा, ग्रामपंचायती, सोसायट्या, सेवा केंद्रं, सगळीकडं कॉम्प्युटर बदलायची लाट आहे. केंद्र सरकारनं जून 2022 मध्ये देशातल्या 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली, तेही काम सुरू आहे. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर 2023 मध्येच जाहीर केलंय की प्रिंटर कंपन्यांचे वेगवेगळे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्यानं थांबवायचं आणि आयपीपी नावाच्या सामाईक भाषेवर यायचं. नव्या प्रिंटरांसाठी ही चांगली गोष्ट आहे. डॉट मॅट्रिक्सचं जे बळ होतं, उघडी भाषा, तेच परत येतंय. पण मधल्या वीस वर्षांतले जे प्रिंटर गावोगाव आहेत, त्यांना कोणी वाली उरणार नाही. तेव्हा तीन गोष्टी आपण मागू शकतो.

पहिली, खरेदीची अट. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी लोकांच्या पैशातून प्रिंटर घेते तेव्हा कोटेशनमध्ये एक ओळ टाका: प्रिंटर आयपीपी, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट यांपैकी एखादी सामाईक भाषा बोलणारा हवा आणि टोनर गावाकडं भरून घेता येणारा हवा. नव्या कित्येक कार्ट्रिजवर चिप असते आणि भरलेला टोनर प्रिंटर नाकारतो. हजार रुपये स्वस्त म्हणून असा प्रिंटर घेतला, तर सहा महिन्यांत दुप्पट जातात.

दुसरी, निर्लेखनाआधी तपासणी. शाळेच्या कपाटावर, पंचायतीच्या मागच्या खोलीत कापडाखाली झाकलेले प्रिंटर आहेत. डेडस्टॉक रजिस्टरात ‘नादुरुस्त’ लिहिलंय. त्यातले किती खरंच नादुरुस्त आहेत आणि कितींचा फक्त ड्रायव्हर नाही, हे एकदा तपासून मग निर्लेखन करा. ग्रामसभेत हा प्रश्न कोणीही विचारू शकतो. त्याला कॉम्प्युटर यायला लागत नाही.

तिसरी, दुरुस्तीचा हक्क. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये यासाठी समिती नेमली आणि 24 डिसेंबर 2022 ला, ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल-इलेक्ट्रॉनिक्स, घरातली उपकरणं आणि वाहनं हे त्याचे चार विभाग आहेत. माझं म्हणणं एवढंच की दुरुस्ती म्हणजे फक्त स्क्रू आणि सुटे भाग नाहीत. कंपनीला ड्रायव्हर पुढं चालवायचा नसेल, तर त्या प्रिंटरची भाषा तिनं जाहीर करावी. पुढचं लोक बघून घेतील. पोरं हुशार आहेत.

आणि जो प्रिंटर खरंच संपलाय, तो उकिरड्यावर टाकू नका. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यात प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात. जुना माल नोंदणीकृत ठिकाणी पोचवून त्याची विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपनीवर आहे. आपल्याकडं भंगारवाला प्लेट फोडतो, तारा जाळून तांबं काढतो आणि उरलेलं ओढ्यात टाकतो. ओढा कुठं जातो, हे काठावरच्या माणसाला सांगायला नको. तेच पाणी आपण पितो आणि तेच पुढं सोलापूर शहरही पितं.

सेवा केंद्रातला 2900 सध्या चालू आहे. परवा एका आजींनी सातबारा काढला. पंधरा रुपये फीचा, डिजिटल सहीचा. कागद हातात घेतल्यावर नावाची ओळ नातवाकडून दोनदा वाचून घेतली, कागदाची घडी केली आणि पदराला गाठ मारून घेऊन गेल्या. आमच्याकडं कागदाची किंमत ही अशी आहे.

तुमच्या गावात कापडाखाली झाकलेला प्रिंटर असेल, तर भंगारवाला यायच्या आधी एवढं करा: मॉडेल नंबर लिहून घ्या, जुन्या कॉम्प्युटरवर एक पान छापून बघा आणि कंपनीच्या वेबसाइटवर 64 बिटचा ड्रायव्हर आहे का ते शोधा. अडलं तर सांगा. केळीच्या बागेतलं काम आटोपलं की संध्याकाळी मी मोकळा असतो.